राळ लावलेली दाढी

पाणबुड्याच्या धंद्यात मला एकच गोष्ट छळायची, ती म्हणजे पाण्याखाली बोलता येत नाही. बाकी सगळं मी सोसलं. बंदरातलं पाणी असं, की बुडी मारून वर आल्यावर दोन दिवस अंगाला डिझेलचा वास येई आणि कानातून मासळीचे खवले निघत. एकदा ट्रॉलरच्या पंख्यात गुंतलेलं जाळं कापलं, तर त्यातून एवढ्या कुर्ल्या निघाल्या की आमच्या अख्ख्या वाडीने आठवडाभर कुर्ल्यांचं सांबारं खाल्लं आणि पुढचा आठवडा सगळी वाडी आडवी चालत होती. तेही सोसलं. पण दातांत रबराचा तुकडा धरून गप्प बसायचं, ही शिक्षा मला कोर्टानेही दिली नसती. आई सांगते, मी जन्मलो तेव्हा रडलो नाही. सुईणीला म्हणालो, जरा उशीरच केलात.

म्हणून आमच्या शेटने ते नवे मास्क मागवले तेव्हा मला वाटलं, देवाने माझा अर्ज अखेर वाचला. नेहमीचा मास्क डोळे आणि नाक झाकतो, श्वासाची नळी दातांत वेगळी धरायची. या नव्या मास्कात कपाळापासून हनुवटीपर्यंत अख्खं तोंडच आत जातं. श्वास नाकाने घ्या, तोंडाने घ्या, तुमची मर्जी. बंदराची घाण तोंडात जात नाही. डोक्यामागे कोळ्याच्या पायांसारखे पट्टे, आणि आत ओठांसमोर सुपारीएवढा माइक, कानाशी तेवढाच स्पीकर! त्यांची तार कमरेच्या दोरातून वर काठावरच्या डब्यापर्यंत. म्हणजे मी खाली बोललो की वरच्याला ऐकू येणार, आणि त्याला कान झाकून पळता येणार नाही, कारण माझा दोर त्याच्याच हातात.

शेटला जेटीचे खांब तपासायचं मोठं काम मिळणार होतं. पाण्याखाली खांबाला कुठे तडा आहे, केवढा आहे, हे खालच्याने बघत बघत वर सांगायचं. शेट म्हणाला, “जो या मास्कचं शिक्षण पुरं करील, तो खांबांवर. बाकीच्यांनी होड्यांची बुडं खरवडावी.” होडीचं बूड खरवडायला मी काय जन्माला आलो होतो? बघत बघत सांगायचं काम, तेही अर्धवट अंधारात, जिथे खरं-खोटं तपासायला दुसरं कोणी नाही. माझ्यासाठीच काढलेलं काम ते.

शिकवायला मालवणकडची एक बाई आली. उंचीने माझ्या खांद्याला लागेल एवढी, पण आवाज असा की भरती अर्ध्यात थांबून ऐकून घेईल. तिने पहिल्याच दिवशी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “ह्या काय?”

“दाढी.”

“ती माका दिसता. काडून ये.”

“बाई, ती काढता येत नाही.”

“मगे मास्क घालूक गावचो नाय. मास्काची कड कातडीवर बसाक होयी. केसातसून वारो भायर जातलो नि पाणी भितर येतला.”

आता माझी दाढी ही काही गालावर उगवलेली हौस नव्हती. ती छातीपर्यंत उतरली होती. भाट्याच्या पुलावर वारा लागला की ती माझ्या आधी पलीकडच्या काठावर पोचायची. तिच्या मागे कारण होतं.

बायकोला दिवस गेले होते. मागच्या खेपेला राहिलं नव्हतं. त्याबद्दल आमच्या घरात कोणी बोलत नाही. मीसुद्धा नाही, आणि मी न बोललेली जगात तेवढी एकच गोष्ट असावी. या खेपेला आम्ही गावदेवीपुढे गाऱ्हाणं घातलं. गर्भारणीच्या नवऱ्याने केस-दाढी काढू नये हे आमच्याकडे जुनंच आहे, पण हल्ली ऑफिसात जाणारे कोणी पाळत नाहीत. बायकोने मात्र देवळात उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगितलं, “बाळ हातात येईपर्यंत यांच्या दाढीला वस्तरा लागणार नाही.” ती शाळेत गणित शिकवते. नवसबिवस तिच्या स्वभावात नाही. आई तिच्याकडे बघतच राहिली आणि मग तिलाही जोर चढला. म्हणाली, “आणि जुनी माणसं असंही सांगायची, की त्याने समुद्रात आंघोळ करायची नाही.” मी तिथल्या तिथे तोड काढली. बंदरातल्या पाण्याला आंघोळ कोण म्हणेल? आंघोळ तर वर आल्यावर करावी लागते. देवीलाही ते पटलं असावं, निदान तिने हरकत घेतली नाही.

तर असा मी कोंडीत सापडलो. वस्तरा लावावा तर नवस मोडतो, आणि तो मोडला आणि पुढे काही वेडंवाकडं झालं, तर जन्मभर त्या घरात कोणत्या तोंडाने भाकरी मोडायची? न लावावा तर खांब जातात आणि मी मरेपर्यंत होड्यांची बुडं खरवडत उताणा पडून राहतो. आईने घरातला वस्तरा तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला होता. बायको काही बोलत नसे, पण पोळी वाढताना माझ्या हनुवटीकडे नजर टाकून जाई, जसं बँकेतला शिपाई कुलूप बघून जातो. मला घरातल्या घरात घुसमटायला होऊ लागलं. जाळ्यात सापडलेलं म्हाकुळ निदान शाई तरी सोडतं.

शेवटी उपाय सुचला तो रक्तातून. आमचं घराणं होड्या बांधणाऱ्यांचं. आजोबांनी बांधलेल्या होडीत म्हणे पाणी शिरायला वर्षभर आधी परवानगी मागायचं. दोन फळ्यांमध्ये फट दिसली की तिच्यात कापूस ठोकायचा आणि वरून तेलात कालवलेली राळ थापायची, संपलं. अख्खी होडी थेंब आत घेत नाही, मग माझं थोबाड का घेईल?

ही कल्पना मी फक्त मेहुण्याला सांगितली. बायकोचा धाकटा भाऊ, आमच्याच शेटकडे काठावर दोर धरायच्या कामाला. तो म्हणाला, “भावोजी, बाईंना विचारलंत?”

“बाईंनी कधी होडी बांधलीय?”

“होडीला श्वास घ्यावा लागत नाही.”

“म्हणून तर ती माझ्यापेक्षा कमी बोलते. तू दोर आण.”

आमचं शिक्षण चालायचं सड्यावरच्या, कातळाच्या माळावरच्या, एका जुन्या चिरेखाणीत. चिरे कापून कापून जमिनीत एक प्रचंड चौकोनी खोली झालेली, चारही भिंती तासलेल्या, लाल, सरळसोट. एका अंगाला ट्रक उतरायचा उतार. पावसाचं पाणी साचून हिरवंगार झालेलं, माडाच्या निम्म्या उंचीएवढं खोल. वरून बघितलं तर देवाने बांधायला घेतलेलं आणि छप्पर घालायला विसरलेलं घर वाटे. खाली उतरलं की मात्र कळे, की या घराला दार नाही.

बाई सकाळी उशिराने येणार होती. आम्ही त्याआधीच पोचलो. बाईचा नियमच होता, की जोडीला दुसरा पाणबुड्या तयार असल्याखेरीज कोणी पाण्यात पाय घालायचा नाही. मेहुण्याने त्याची आठवण करून दिली. मी म्हटलं, “मेल्या, तू आहेस की.” तो म्हणाला, “मला पोहता येतं, बुडता येत नाही.” मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. राळ उन्हात मऊ करून खोबरेल तेलात कालवून आणली होती. मास्कची कड जिथे टेकते तिथे गालांवरून, हनुवटीखालून, कापसाच्या वाती बसवल्या, वर राळ चोपडली, आणि मास्क दाबून मागचे पट्टे आवळले. श्वास ओढून पाहिला. मास्क गालांना असा चिकटला की जणू माझ्याच कातडीचा झाला. आजोबा असते तर नारळ फोडला असता.

पाण्यात उतरलो. पहिल्यांदा पाण्याखाली माझा आवाज मी ऐकला. मी मेहुण्याला म्हणालो, “ऐकू येतंय का?”

“येतंय, भावोजी. जरा हळू.”

हळू! जन्मभर पाण्याखाली साठलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. मी त्याला सांगितलं, खाली एक बाजारपेठ आहे, दुकानं उघडी आहेत, एक मासा भजी तळतोय.

“भाव विचारा,” मेहुणा म्हणाला.

मी भिंतीवरच्या करवतीच्या खुणा सांगितल्या, तळाशी रुतलेला ट्रकचा टायर सांगितला, टायरात बसलेला एक बेडूक हा मागच्या जन्मी तलाठी होता हेही सांगितलं. बोलायला हवा लागते, ही गोष्ट मला ठाऊक नव्हती असं नाही. बाईनेच ती पहिल्या दिवशी सांगितली होती. या मास्कात गप्पा मारणारा माणूस सिलिंडर गिळत जातो. पण पोहे समोर आल्यावर पोटाचं कोण ऐकतं?

तलाठ्याची गोष्ट सांगताना मी हसलो, आणि डाव्या गालाखाली काहीतरी कडकन तडकलं.

उन्हात मऊ असलेली राळ थंड पाण्यात दगडासारखी होते, हे आजोबांनी सांगायचं राहून गेलं होतं. होडी हसत नाही. मी हसलो, गाल हलला, राळेला तडा गेला आणि त्या तड्यातून सुईएवढं पाणी आत आलं. मग दोऱ्याएवढं. मग हनुवटीपाशी तळं. तळं ओठांना लागलं. दुसऱ्या बाजूने हवा फसफसत बाहेर पळायला लागली, कानाशी शंभर सोड्याच्या बाटल्या एकदम फोडाव्यात तशी.

आता साध्या मास्कात हे झालं तर काही नाही. नळी दातांत असते, मास्कात पाणी भरलं तरी श्वास चालू. इथे श्वास आणि पाणी एकाच खोलीत. मी खोकलो, आणि खोकताना आणखी पाणी आत घेतलं. छातीवर दुसरी नळी लोंबत होती, हवेने भरलेली. खिशात साधा मास्क होता. सगळं हाताशी होतं, फक्त तोंड हाताशी नव्हतं.

मी पट्टे सोडले आणि मास्क ओढला.

मास्क आला नाही. माझं डोकं आलं. पुन्हा ओढला, तर दाढीच्या मुळांपासून डोळ्यांत पाणी, आणि मास्क जिथल्या तिथे. डावी बाजू तडकली होती, पण उजवा गाल त्या राळेने असा धरून ठेवला होता की आजोबांचं काम खरोखरच पक्कं होतं, हे मला तिथे, त्या तळाशी, पटलं. काच समोर होती. काचेपलीकडे हिरवं पाणी, त्यापलीकडे लाल भिंत. मी वळलो, तिकडेही भिंत. माझा स्वतःचा श्वास मला बंद खोलीत कोंडलेल्या जनावराचा वाटला, आणि ते जनावर दार खरवडत होतं. मी मेहुण्याला हाक मारायला तोंड उघडलं आणि तोंडात पाणी आलं. एवढी मोठी बोलायची सोय, आणि मला एक शब्द काढता येत नव्हता.

“भावोजी? तलाठ्याचं पुढे काय झालं?” कानात मेहुणा विचारत होता. “भावोजी?”

मग खरखर झाली आणि दुसराच आवाज आला.

“कोण खाली? तोच मां? आयक. बोला नको.” बाई लवकर आली होती. त्या आवाजाला मी अजून रोज मनातून नमस्कार करतो. “फुडचा बटण दाब. खाली बघ. नाकातोंडातसून वारो भायर सोड.”

मी बटण दाबलं. हवा धाडकन आत आली, पाणी मास्कच्या तळातून बाहेर ढकललं गेलं, आणि मला एक श्वास मिळाला. एकच. मग पुन्हा सुई, पुन्हा दोरा.

“आता पट्टे सोड. मास्क काड. दुसरी नळी तोंडात घाल.”

मी दोन्ही हातांनी ओढला. कण्हलो असेन.

मग ती म्हणाली, आणि या वेळी अगदी हळू, “निघना नाय? निघना नाय, तर दोर दोनदा ओड.”

मी दोनदा ओढला.

“हां. मगे तसोच वर ये. बटण दाबीत रव. श्वास धरू नको, सोडीत ये. तुझ्याच बुडबुड्यांच्या फुडे जाव नको. तुझो मेवणो दोर घेता. सावकाश.”

सावकाश! माणूस जळत्या घराच्या जिन्यावरून सावकाश उतरतो का? पण तळापासून श्वास कोंडून सुसाट वर जाणाऱ्याची फुप्फुसं फुग्यासारखी फुटतात, हे मला माहीत होतं. मी बुडबुडे बघत, त्यांच्या मागे मागे, हवा सोडत वर आलो. त्या वेळात मी देवीला इतके नवस बोललो की ते फेडायला मला सात जन्म आणि एक शेळीपालन केंद्र लागलं असतं.

उताराशी डोकं पाण्याबाहेर आलं. ऊन दिसलं. काठावर एक बैल उभा राहून माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, सुटलो.

नेमका तेव्हा सिलिंडर संपला.

मी श्वास ओढला आणि मास्क चेहऱ्यावर आत ओढला गेला, कोणीतरी तोंडावर हात दाबावा तसा, आणि डावीकडची फटही मिटली. या मास्कला वरच्या हवेसाठी एक झडप असते. पृष्ठभागावर आलं की ती फिरवायची, बाहेरची हवा आत येते. मी ती फिरवायला गेलो. तिच्यात राळ होती. मीच सकाळी त्याच बोटांनी ती चाचपून बघितली होती. सड्यावर समुद्रावरून येणारा वारा सुटला होता, सगळ्या रत्नागिरीला पुरून उरेल एवढा. बैल तो वारा फुकट घेत होता. मेहुणा घेत होता. गवत घेत होतं. मी त्या वाऱ्यात उभा, छातीभर पाण्यात, काचेच्या आत, आणि माझ्या वाटणीला नखभर नाही. पाण्याखाली मरणं समजू शकतो. पण भर उन्हात, डोकं वर असताना, बैलासमोर?

बाई कपड्यांनिशी पाण्यात आली होती. तिने माझ्या डोक्याला बगलेत धरलं, जशी कोंबडी धरतात, आणि पायाला बांधलेली सुरी काढून उजव्या गालावरून मास्कच्या कडेने चालवली. करकर आवाज झाला. दाढी, कापूस, राळ, सगळं मास्कसकट निघालं. मी श्वास घेतला. तो श्वास एवढा मोठा होता की मेहुणा अजून सांगतो, त्याची टोपी माझ्या दिशेने उडाली.

मी उतारावर पालथा पडलो. बाई शेजारी बसली, मास्क हातात घेऊन. मास्कला माझी अर्धी दाढी लोंबत होती. तिने तो उलटा-सुलटा केला, राळेचा वास घेतला, आणि विचारलं, “तू माका सांग, तू होडी आसस की माणूस?”

मला उत्तर सुचलं नाही. मेहुणा ही घटना लोकांना सांगताना बुडण्यापेक्षा याच ठिकाणी जास्त थांबतो.

“ह्यो मास्क घालूक कोणाकय येता,” बाई म्हणाली. “काडूक शिकाचा लागता. आधी काडूक. पाण्यात, डोळे मिटून, परत परत. ता जमला, मगेच बाकीचा. नि तू तर निघूचोच नाय अशी येवस्था करून गेलस.” आणि मग ती मेहुण्याकडे वळली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी जाताना माझी उजवी बाजू एकदम गुळगुळीत, डावी बाजू छातीपर्यंत. एका बाजूने नवरदेव, दुसऱ्या बाजूने साधू. मी गोष्ट तयार केली होती. बायको पडवीत वह्या तपासत बसली होती. तिने मान वर केली. मी म्हटलं, “गोबऱ्याने नेली.”

“काय?”

“दाढी. म्हशीएवढा गोबरा मासा होता गो. त्याला ती शेवाळ वाटली. मी म्हटलं, बाबा रे, नवसाची आहे. तेव्हा कुठे अर्धी सोडली.”

“गोबरा खाऱ्या पाण्यातला ना? चिरेखाणीत कसा?”

“वाट चुकला असेल.”

“राळेचा वास येतोय,” ती म्हणाली. मग भावाकडे बघून, “तू सांग.”

त्याने सांगितलं. काही वगळलं नाही, बैलसुद्धा. ती ऐकत होती, आणि तिच्या हातातली लाल पेनची टोपी एकदा लागायची, एकदा निघायची. शेवटी टोपीही थांबली.

“मास्क दाढीवर बसत नाही,” ती म्हणाली, “हे मला आधी कोणी सांगितलं?”

मेहुणा जमिनीकडे बघत म्हणाला, “मीच सांगितलं होतं ताई. शेटने मागवले तेव्हा.”

“म्हणून मी दाढी मागितली. देवीने मागितली नव्हती.” ती माझ्याकडे न बघता बोलत होती. “खांबांमधल्या अंधारात हे जाणार, ते नको होतं मला. या खेपेला नकोच होतं. दाढी असली की हे काठावर राहतील, एवढं सोपं गणित. आणि तुम्ही राळ लावून गेलात! माझ्यामुळे गेलात!”

मला एकदम सगळं कळलं. म्हणजे बाहेरून मला ज्या खोलीत कोंडलं होतं, तिची किल्ली माझ्या बायकोच्याच पदराला, आणि ती स्वतःही आत माझ्याबरोबरच बसलेली. ती रडली नाही. पोटावर हात ठेवून बसून राहिली.

आतून आई आली. तिने सगळं ऐकलं होतं. “देवळात खोटं बोललीस गो?”

“खोटं नाही आई. नवस खराच होता. कारण दुसरं होतं.”

आईने थोडा विचार केला. “मग ते मी नाही ठरवायचं, नि तू नाही. कौल लावू.”

गुरव परगावी गेला होता. तो येईपर्यंत उरलेल्या दाढीला हात लावायचा नाही, असा आईचा हुकूम. म्हणून मी तशा अवतारात घरात कोंडून घेतलं. पण वाडीत गोष्ट दाबून ठेवणारा अजून जन्मायचा आहे. शेजारीपाजारी साखर मागायला येऊ लागले. एवढी साखर मागितली गेली की वाडीच्या मधुमेहाची मला काळजी वाटू लागली. कोणी उजव्या बाजूने बघायचं, कोणी डाव्या. एका म्हाताऱ्याने तर खिडकीतून विचारलं, “दोघे आहात काय रे आत?”

गुरव आला. देवीच्या अंगाला ओल्या कळ्या लावल्या. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, की सून वेगळ्या मनाने बोलली, लेकरू म्हणून पदरात घे, दाढीची अट सोडत असलीस तर उजवा कौल दे. आम्ही उभे. डावीकडची कळी थरथरली. बायकोने माझं मनगट धरलं, ते असं की तिची नखं आत गेली. मग उजवी कळी सुटली आणि पडली. आई म्हणाली, “बघ, उजवीकडचीच दाढी आधी घेतली होती तिने.” देवीने मालवणच्या बाईकडून सुरी चालवून घेतली, अशी गोष्ट त्या संध्याकाळपर्यंत वाडीभर झाली. ही मात्र मी पसरवलेली नाही.

वस्तरा तांदळाच्या डब्यातून निघाला. बायकोने तो माझ्या हातात दिला नाही. पडवीत मला स्टुलावर बसवून तिने स्वतः उरलेली बाजू उतरवली. वस्तरा गळ्यापाशी असताना म्हणाली, “काढायची परीक्षा देणार ना?”

अशा वेळी माणूस मान हलवत नाही. “हो,” म्हटलं.

“मी येणार. वर मी ऐकणार. पाण्याखाली नीट काढता आला, तर खांबांवर जा. मी अडवणार नाही. नाही आला, तर होड्या खरवडायच्या आणि परत विषय काढायचा नाही.”

तर परीक्षेच्या दिवशी चिरेखाणीच्या काठावर छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत ती बसली, पोट सांभाळून, कानावर त्या डब्याचा हेडफोन चढवून. मेहुणा दोराशी. या वेळी दुसरा पाणबुड्या तयार होता, आणि बाई माझ्याबरोबर खाली. गालावर कधी नव्हे तो रबराचा थंडावा लागत होता. मास्क कोऱ्या कातडीवर बसला आणि थेंब आत आला नाही.

तळाशी गुडघे टेकले. तोच टायर. बेडूक कुठे दिसला नाही, बदली झाली असावी.

“गप्प का आहात?” कानात बायको.

“हवा वाचवतोय.”

“तुम्ही?” ती हसली असं वाटलं. मग तिचा श्वास ऐकू आला, डब्याजवळ तोंड नेल्यासारखा.

बाईने हाताने खूण केली. काढ. मी पट्ट्यांना हात घातला आणि हात तिथेच राहिला. तोच हिरवा रंग, त्याच लाल भिंती, आणि उजवा गाल आपोआप आखडला. मास्क निघणार होता, मला ते ठाऊक होतं, पण हातांना ठाऊक नव्हतं. आत असेपर्यंत निदान तिचा आवाज होता. काढला की मी आंधळा, आणि ती वर बहिरी.

“काढतो,” मी म्हणालो.

“थांबा,” ती म्हणाली. बाई माझ्यासमोर स्थिर, हात माझ्या खांद्यावर. मग वरून आलं, “काढा.”

मी पट्टे सोडले. मास्क निघाला. इतक्या सहज निघाला की मला त्याचा रागच आला. थंड पाणी तोंडावर आदळलं, दम एकदम आत ओढावासा वाटला, तो मी ओढला नाही. डोळे मिटून छातीवरची नळी चाचपली. हाताला आधी पट्टा लागला, मग सुरी, मग नळी. तोंडात घातली, बटण दाबलं, श्वास घेतला. खिशातला साधा मास्क काढला, डोळ्यांवर बसवला, नाकातून हवा सोडून आतलं पाणी काढलं. डोळे उघडले, तर समोर बाई होती आणि तिचा अंगठा-तर्जनीचा गोल होता. बाजूला तो मोठा मास्क तारेला लोंबकळत बुडबुडे ओकत होता, आणि वर खुर्चीत बसलेल्या माझ्या बायकोच्या कानात आता फक्त तोच गडगडाट होता.

सांगायला तोंड नव्हतं. मी दोर एकदा ओढला. ठरलेली खूण होती, खालून एकदा म्हणजे, मी ठीक आहे; वरून एकदा म्हणजे, ठीक आहात ना?

वरून उत्तर आलं. मेहुण्याचा हात मी ओळखतो, तो म्हैस ओढल्यासारखा ओढतो. हा तो हात नव्हता. मी पुन्हा ओढलं. पुन्हा वरून आलं, आधीपेक्षा जोरात. बाईने वर जायची खूण केली, मग परत केली, मग कंबरेवर हात ठेवून नुसती बघत राहिली, कारण वरून विचारणं थांबत नव्हतं, आणि तळाशी गुडघे टेकून मी प्रत्येक वेळी उत्तर देत होतो.